चार बोल्ट, पाच अंश

सुरतेच्या रिंगरोडवर सकाळी अकराच्या सुमारास उभं राहिलात तर मोटरसायकलवर आधी माणूस दिसत नाही, गाठोडं दिसतं. पेट्रोलच्या टाकीवर आडवं टाकलेलं साड्यांचं गाठोडं, मागच्या सीटवर उभे रचलेले कापडाचे तागे, आणि या दोन भिंतींच्या मधून डोकावणारं हेल्मेट. गाठोड्याच्या दोन्ही अंगांनी कोपरं पंखांसारखी बाहेर निघालेली असतात. गुडघे फाकलेले असतात, मान जरा पुढे आलेली असते. कारखान्यातल्या ज्या अभियंत्याने या गाडीचं हँडल आखलं, त्याच्या आराखड्यात टाकी रिकामी होती आणि कोपरं बरगड्यांच्या जवळ होती. त्या चित्रात गाठोडं नव्हतं.

या चालवणाऱ्यांतले पुष्कळजण आपले खानदेशी. धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतून लूम, डाइंग मिल आणि मार्केटच्या कामासाठी आलेली ही माणसं लिंबायत, दिंडोली, उधना, पांडेसरा भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. महानगरपालिकेच्या मराठी शाळा इथे आहेत आणि गल्लीत अहिराणी सर्रास कानावर पडते. दिवसा मिलमधून मार्केट, मार्केटमधून घरोघरच्या लेस-टिकलीच्या कामापर्यंत माल पोहोचवायचा, आणि आखाजी (अक्षय तृतीया) आली की त्याच गाडीवर बसून गाव गाठायचं. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, कोंडाईबारीचा घाट, साक्री, धुळे. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वे आहे, बस आहे, पण सणाच्या गर्दीत उभं राहून जाण्यापेक्षा आपली गाडी बरी, असा हिशोब असतो.

उधन्यातल्या एका गॅरेजवर मी माझ्या गाडीचं ऑइल बदलायला बसलो होतो, तेव्हा असाच एकजण आला. गाडी साधी, शंभर सीसीची. तक्रार गाडीची नव्हतीच.

"करंगळी बधिर व्हई जास, भाऊ. डावी बी, उजवी बी."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि जो प्रश्न विचारला तो मला एखाद्या डॉक्टरला शोभेल असा वाटला: "करंगळीच ना? अंगठा नाही?"

या प्रश्नात निम्मं निदान आहे. हाताच्या पंजात मुख्यतः दोन नसांचं राज्य चालतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू यांची संवेदना मीडियन नावाची नस सांभाळते. ती मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून, स्नायुबंधांच्या गर्दीतून वाट काढत येते. मनगट सतत वर किंवा खाली मुडपलेलं राहिलं की बोगद्यातला दाब वाढतो आणि ही बोटं मुंग्या येऊन सुन्न पडतात. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू अल्नर नसेच्या वाट्याला येते. तिचा मार्ग तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या अंगाला असलेल्या छोट्या खाचेतून जातो. फेलिक्स ग्यों या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ साली या जागेचं वर्णन केलं, म्हणून आजही ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तळहाताचा हा भाग मुठीवर दाबून त्यावर अंगाचा भार टाकला की ही नस चेपली जाते. लांबचा पल्ला मारणारे सायकलस्वार या त्रासाला चांगले ओळखतात.

म्हणजे करंगळी सुन्न पडत असेल तर बहुधा अंगाचा भार हातावर येतोय, किंवा मनगट करंगळीच्या बाजूला वाकलंय. अंगठा आणि तर्जनी सुन्न पडत असतील तर बहुधा मनगट वर-खाली मुडपलेलं आहे आणि संशयित हँडल नसून क्लच-ब्रेकचे लिव्हर आहेत. आता गाठोडेवाल्याची कोपरं आठवा. कोपर बाहेर फाकलं की पंजा मुठीवर सरळ ठेवण्यासाठी मनगटाला करंगळीकडे वळावंच लागतं. मिस्त्रीने शरीरशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नसणार, पण रोज वीसेक गाड्या आणि वीसेक तक्रारी पाहून तो नेमक्या त्याच जागी पोहोचला होता. (गाडी सोडल्यावरही, रात्री झोपेत हात बधिर होत असतील तर मात्र मिस्त्री नव्हे, डॉक्टर गाठावा.)

मला त्या दिवशी नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. अकरा वर्षं तीच गाडी चालवणाऱ्या त्या माणसाला हँडल हलतं हेच ठाऊक नव्हतं. सीटवर त्याने जाड कव्हर घातलं होतं, मुठींवर फोमच्या गाद्या चढवल्या होत्या, मनगटाला क्रेप बँडेज बांधलं होतं. सगळं काही बदललं होतं, चार बोल्ट तेवढे राहिले होते.

ते चार बोल्ट कुठे आहेत? पुढच्या चाकाचे दोन शॉकअप वर येऊन ज्या आडव्या तुकड्यात बसतात त्याला गॅरेजच्या भाषेत 'टी' म्हणतात. टीच्या वर दोन क्लँप असतात, आणि त्यांच्या जबड्यात हँडलचा वाकवलेला पाइप धरलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांत हा पाइप २२ मिमी जाडीचा. हे बोल्ट सैल केले की पाइप स्वतःभोवती पुढे-मागे फिरतो. एवढंच. पल्सर २२० किंवा एनएस २०० सारख्या गाड्यांना मात्र अखंड पाइप नसतो. प्रत्येक शॉकअपला स्वतंत्र अर्धं हँडल घट्ट पकडलेलं असतं, त्याला क्लिप-ऑन म्हणतात. तिथे हा खेळ फारसा चालत नाही. विकत घेतानाच काय ते पाहून घ्यावं.

हँडल फिरवताना एक भूल हमखास पडते. मुठी जवळ याव्यात म्हणून आपण हँडल स्वतःकडे ओढतो. पण मुठी क्लँपपेक्षा वरही असतात आणि मागेही, त्यामुळे ओढल्यावर त्या जवळ येतात आणि त्याच वेळी खालीही जातात. मग पाठ सरळ होण्याऐवजी खांदे पडतात, आणि माणूस म्हणतो, काही फरक नाही. उलट पुढे ढकललं तर मुठी दूर जातात पण जरा वर येतात. जवळ आणि वर, दोन्ही एकदम हवं असेल तर नुसतं फिरवून ते मिळत नाही. फरक किती पडतो? मूठ क्लँपपासून १५ सेंटीमीटरवर धरली तर पाच अंश फिरवल्यावर ती साधारण १३ मिलिमीटर सरकते, म्हणजे बोटाच्या जाडीएवढी. एवढ्याशाने काय होणार, असं वाटतं. पण अडीच तास सलग हँडल धरून बसणाऱ्या मनगटाला ही बोटाची जाडी चांगली कळते.

त्या दिवशी मिस्त्रीने हँडलला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला डबल स्टँडवरच्या गाडीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि हात सहज पुढे आणायला सांगितलं. डोळे उघडल्यावर हात मुठींच्या वर अधांतरी होते, जरा आतल्या बाजूला. "बघ, तुझं हँडल इथे आहे," मिस्त्री म्हणाला, "कंपनीचं तिथे आहे." मग त्याने टाकीवर मार्केटमधली चिंधी पसरली. या शहरात चिंधीला तोटा नाही, आणि निसटलेला पाना टाकीच्या रंगावर पडला की दिवस वाया जातो. खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून पाइप आणि क्लँप यांच्या सांध्यावर त्याने एक पांढरी रेघ ओढली. मूळ जागेची खूण. ती नसेल तर बिघडलेलं पुन्हा जागेवर आणताना नुसता अंदाज उरतो. मग बोल्ट सैल केले, काढले नाहीत, आणि हँडल रेघेपासून केसभर सरकवलं.

हँडल फिरलं की त्याच्यावरचं सगळं बिऱ्हाड फिरतं: लिव्हर, आरसे, बटणांचे डबे. बटणांच्या डब्याच्या आत बहुतेक वेळा एक छोटी खुंटी असते आणि ती पाइपच्या भोकात बसते. डबा वेगळा फिरवायचा प्रयत्न केला की ती तुटते आणि मग डबा कायमचा डुगडुगतो. लिव्हर मात्र आपल्या वेगळ्या पकडीत असतील तर फिरवता येतात आणि फिरवायलाच हवेत. गाडीवर बसावं, मुठी धराव्यात, बोटं सरळ ताणावीत. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक रेघ निघाली पाहिजे आणि लिव्हर त्या बोटांखाली आपसूक यायला हवा. शोरूममधून आलेल्या कित्येक गाड्यांत तो जमिनीला जवळजवळ समांतर असतो. त्यामुळे क्लच दाबताना प्रत्येक वेळी मनगट उलटं वर मुडपतं, आणि सहारा दरवाज्यापासून उधना दरवाज्यापर्यंतच्या गर्दीत क्लच किती वेळा दाबला जातो हे ज्याचं त्याने मोजावं. माझं मत विचाराल तर अंगठ्याच्या बाजूच्या तक्रारीत हँडलला हात लावण्याआधी लिव्हर खाली वळवून पाहावा. फुकटचा उपाय आहे आणि पाच मिनिटांचा.

पुढे डिस्क ब्रेक असेल तर एक पथ्य जास्तीचं. ब्रेक ऑइलची डबी हँडलवरच बसलेली असते. हँडल फार फिरलं की ती कलते. तिचं झाकण सपाट राहील इतपतच मोकळीक घ्यावी. ते ऑइल रंगावर सांडलं तर रंग खाऊन टाकतं, चिंधी तिथेही कामाला येते.

बोल्ट आवळण्याचीही एक रीत आहे. होंडाच्या जातकुळीतल्या अनेक गाड्यांत पाइपवर एक बारीक टोचा असतो, तो क्लँपच्या फटीशी जुळला की हँडल कंपनीच्या जागी. आधी पुढचे बोल्ट पूर्ण आवळायचे, मग मागचे. पुढे फट मिटते, मागे जराशी उरते, आणि ती उरायलाच हवी. ती बघून 'अजून सैल आहे' असं समजून मागचा बोल्ट जीव खाऊन आवळणारे हात मी पाहिले आहेत. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की मग टीच बदला.

आता माझी फजिती सांगतो. माझी उंची जरा जास्त, म्हणून काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून हँडल उंच करणारे ठोकळे बसवून घेतले. रायझर म्हणतात त्यांना. दोन इंच उंची मिळाली, पाठ सरळ झाली, मी खूश. तिसऱ्या दिवशी उधना-सचिन रस्त्यावर यू टर्न घेताना हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि एक्सिलेटरला बोटही न लावता इंजिन भणाणलं. गाडी बीआरटीएसच्या रेलिंगकडे उडी मारायला निघाली. क्लच दाबला म्हणून वाचलो. झालं होतं असं: हँडल दोन इंच वर गेलं, पण एक्सिलेटरची वायर तेवढीच राहिली. सरळ जाताना ती कशीबशी पुरत होती. हँडल वळलं की ताणली जायची आणि तीच एक्सिलेटर ओढायची. म्हणून हँडलला कुणीही हात लावला असो, रस्त्यावर जाण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे न्यावं आणि इंजिनाचा आवाज ऐकावा. आवाज चढला तर वायर ओढली जातेय. मूठ टाकीला लागतेय का, बोट लिव्हर आणि टाकीच्या मध्ये चेमटतंय का, तेही त्याच फेरीत दिसतं. शिवाय हात सोडल्यावर एक्सिलेटरची मूठ आपोआप मागे फिरली पाहिजे आणि तिला २ ते ६ मिलिमीटर मोकळा खेळ हवा. क्लचच्या लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर.

रायझर मी काढून टाकले, त्याचं दुसरंही कारण आहे. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकात नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी फारकत घेईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळचंच हँडल त्याच्या क्लँपमध्ये पाच अंश फिरवल्याने पुस्तकातली एकही ओळ बदलत नाही. मांडीएवढं बुटकं हँडल लावून दोन रिक्षांमधून सटकणारी पोरं आणि खांद्याच्या वर हात टांगून बुलेट चालवणारे दादा, यांची गोष्ट निराळी. कायद्याला दुचाकीवरच्या कपड्यांचीही काळजी आहे, हे साड्यांच्या शहरात सांगायला हवं: १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम मागचं चाक निम्म्याहून कमी झाकू देत नाही, मागे बसलेल्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो तो हाच.

बैठकीचा त्रास मात्र कायद्यापेक्षा जुना आहे. १८८५ साली डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात इंजिन बसवून पहिली मोटरसायकल केली. डाइमलरच्या मुलाने ती चालवली तेव्हा इंजिनाच्या उष्णतेने सीटच पेटली, असं सांगतात. सीट, हँडल आणि पाय ठेवायची जागा, या तीन बिंदूंचा त्रिकोण तेव्हापासून सगळ्यांना छळतोय. यातला एक बिंदू हलवला की उरलेले दोन बोंबलतात.

साध्या भारतीय गाडीने हा त्रिकोण शहरासाठी जुळवला. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरचं हँडल रुंद, उंच आणि मागे वळलेलं आहे. कमी वेगात गाडी तोलायला सतत बारीक बारीक वळवावी लागते. रुंद हँडलला त्यासाठी कमी जोर पुरतो, आणि सरळ बसल्याने भार हातावर न येता बुडावर येतो. क्लिप-ऑनवाल्या गाडीवर माणूस पुढे झुकतो. ऐंशीच्या वेगात समोरचा वारा छातीला टेकू देतो म्हणून ते निभतं. रिंगरोडच्या गर्दीत वाराच नाही, त्यामुळे छातीचं सगळं ओझं मनगटांवर पडतं. उलट स्प्लेंडरवाला सोनगडच्या पुढे मोकळ्या रस्त्याला लागला की वारा त्याच्या छातीवर आदळतो. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा रेटा चौपट होतो. तेव्हा तो हँडलवर टेकलेला नसतो, हँडलला लटकलेला असतो. मनगट नव्हे, खांदे आणि मान दुखतात, आणि डोक्यावर हेल्मेट असल्याने मान जास्तच.

म्हणजे एकाच माणसाला एकाच गाडीवर दोन हँडलं हवीत. गाठोड्याच्या दिवसांत जरा पुढे आणि वर, म्हणजे कोपरांना जागा मिळेल. आखाजीच्या रस्त्यावर जरा मागे आणि खाली, म्हणजे अंग वाऱ्यात थोडं झुकेल.

सगळ्या दुखण्यांचं खापर हँडलवर फोडण्यातही अर्थ नाही. गाडी कधी पडली असेल तर चाक सरळ असताना हँडल तिरकं दिसतं का ते आधी पाहावं. पुष्कळदा हँडल वाकलेलं नसतं, टीमध्ये शॉकअप पिरगळलेले असतात, आणि ते सरळ होईपर्यंत बोल्टशी खेळणं फुकट. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवलं आणि मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलंय. अशी गाडी सरळ धरायलाच हात थकतात. टायरमध्ये हवा कमी असेल तरी तेच. आणि कधी कधी दोष बसण्यातच असतो: गुडघ्यांनी टाकी धरली की हातांवरचा बराच ताण उतरतो. पण टाकीवर गाठोडं असलं की गुडघे धरणार कशाला?

त्या दिवशी गिऱ्हाईक गाडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. करंगळीचं काय ते लगेच कळणार नव्हतं. "लिव्हर हलका झाला," एवढंच म्हणाला. पैसे किती, तर मिस्त्रीने हात हलवला. ऑइल माझं होतं, त्याचे पैसे घेतले.

आखाजीच्या दोन दिवस आधी तो पुन्हा दिसला. कॅरियरवर पिशव्या बांधलेल्या, टाकी रिकामी. गावाला निघाला होता. मिस्त्रीने पुन्हा चिंधी पसरली, बोल्ट सैल केले, हँडल जरा मागे घेतलं आणि या वेळी नेलपॉलिशची दुसरी बाटली काढली. आता त्या पाइपवर दोन रेघा आहेत: पांढरी कंपनीची, लाल धुळ्याची. सुरत पांढरीपासून केसभर सरकलेली.